जुना एजंट सोडल्यावर: मोठी एजन्सी की एकटा एजंट?

मराठी हस्तलिखित पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला द्यायचं असेल तर साहित्य-एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करून कमिशन घेणारा माणूस, लागत नाही, संपादकांना सरळ पत्र लिहावं. प्रश्न पडतो तो इंदुरात राहून इंग्रजीत लिहिणाऱ्यांना, किंवा ज्यांच्या मराठी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद तयार आहे त्यांना. त्यातही पहिल्या एजंटशी करार संपला असेल तर दुसऱ्यांदा निवड करताना हात आखडतो. वाटा मुख्यतः दोन आहेत: पाच-दहा माणसांची मोठी एजन्सी, नाहीतर एकट्याने काम पाहणारा एजंट. मी दुसरी वाट धरली. पहिलीही कुणाला योग्य ठरू शकेल, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

कमिशनवरून निवड करू नका. दोन्हीकडे भारतातल्या करारावर साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्क्यांच्या आसपास घेतात, कारण तिथे मध्ये उप-एजंट असतो. वाचनाचे किंवा नोंदणीचे पैसे आधी मागणारा माणूस, मोठा असो वा छोटा, विचारातच घेऊ नये.

मोठ्या एजन्सीचं बळ हक्कविक्रीत आहे. ऑक्टोबरातल्या फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्याला तिची माणसं जातात, चित्रपट आणि वेबसिरीजचे करार वाचायला वकील असतो, एक जण रजेवर गेला तरी रॉयल्टीचा हिशेब अडत नाही. तुमच्या कादंबरीवर पडद्यासाठी आधीच विचारणा झाली असेल तर मी मोठ्या एजन्सीकडेच बोट दाखवीन. अडचण अशी की करार एजन्सीशी होतो, माणसाशी नाही. ज्याने हस्तलिखित वाचून होकार दिला तो नोकरी सोडून गेला, तर पुस्तक अशा कुणाच्या तरी टेबलावर जातं ज्याने ते निवडलेलंच नसतं.

तरीही माझा कौल ठरला तो एका कागदावरून: हस्तलिखित कुणाकुणाला दाखवलं त्याची यादी.

जुना एजंट सोडल्यावर नवा एजंट पहिल्यांदा हीच यादी मागतो, आणि ते रास्तच आहे. एकदा नाकारलेलं हस्तलिखित तेच प्रकाशनगृह सहसा पुन्हा उघडत नाही, मग पाठवणारा बदलला तरी. यादी नसेल तर नवा एजंट त्याच संपादकाकडे तेच पुस्तक घेऊन जातो आणि पहिल्याच फेरीत त्याचीही पत जाते. म्हणून बरेच एजंट यादीशिवाय पुढे सरकत नाहीत. दिल्लीत राहणाऱ्या लेखकाला कुठल्यातरी कार्यक्रमात संपादक भेटतो, चार गोष्टी कानावर येतात. इंदुरातल्या रामबागेत किंवा सुदामानगरात बसून तसं काही कळत नाही. आपल्याकडे पुरावा म्हणून तो कागदच असतो.

मोठ्या एजन्सीत या यादीवरून जो त्रास झाला तो मला शेवटपर्यंत खटकत राहिला. ‘सहा-सात ठिकाणी पाठवलं आहे’ एवढंच उत्तर यायचं. नावं विचारली की संपर्क गोपनीय असल्याचं सांगायचे. सगळ्याच मोठ्या एजन्सी असं वागतात असं मी म्हणणार नाही. एकट्या एजंटकडे मात्र मला पहिल्या महिन्यापासून तक्ता मिळाला: संपादकाचं नाव, प्रकाशनगृह, पाठवल्याची तारीख, पहिली तीन प्रकरणं की पूर्ण पुस्तक, हस्तलिखिताचा कितवा खर्डा, उत्तर काय आणि कधी. खर्ड्याचा रकाना विसरू नका. पुस्तक मुळापासून नव्याने लिहिलं असेल तरच जुन्या संपादकाला पुन्हा विचारण्याला अर्थ असतो, आणि ते याच रकान्यावरून सिद्ध करता येतं.

यादीचा संबंध पैशाशीही आहे. करार संपल्यावर ठरावीक काळात, म्हणजे बहुधा तीन ते सहा महिन्यांत, जुन्या एजंटने पाठवलेल्या ठिकाणी पुस्तक विकलं गेलं तर कमिशन त्याचं, असं कलम बहुतेक करारांत असतं. यादी नसेल तर कोणती ठिकाणं त्याची, हे ठरवणार कशावरून? नव्यालाही १५ टक्के द्यायचे असतात, म्हणजे एकाच पुस्तकावर दोनदा कमिशन बसण्याची भीती.

तेव्हा नव्याला पत्र लिहिण्याआधी जुनं प्रकरण मिटवा. कराराच्या मुदतीप्रमाणे, बहुधा ३० ते ९० दिवसांची, लेखी नोटीस ईमेलने द्या आणि तीच स्पीड पोस्टानेही पाठवून पावती जपा. करारात मुदतच नसेल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २०६ वाजवी नोटीस द्यायला सांगतं. नोटिशीतच यादी मागा, आणि न विकलेले अनुवाद, ऑडिओ व चित्रपटाचे हक्क तुमच्याकडे परत आल्याचं लेखी घ्या. आधी झालेल्या पुस्तकांचं कमिशन मात्र ते प्रकाशनकरार चालू असेपर्यंत जुन्यालाच जातं. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नये. त्या पुस्तकांचे ८५ टक्के प्रकाशकाने थेट तुमच्या खात्यात आणि १५ टक्के एजन्सीला द्यावेत, अशी विनंती जरूर करा. सगळी रक्कम एजन्सीकडून फिरून आली तर टीडीएस कोणाच्या पॅनवर कापला गेला हे शोधत बसावं लागतं.

नव्याला लिहिताना जुन्याविषयी दोनच वाक्यं पुरतात: ‘आधीच्या एजंटशी करार अमुक तारखेला संपला. हस्तलिखित कुठे गेलं होतं त्याची यादी सोबत जोडली आहे.’ तक्रारीचा सूर आला की वाचणारा सावध होतो. पुस्तक पंधरा-वीस ठिकाणी फिरून आलं असेल तर ते पुढे न करता नवं हस्तलिखितच पाठवावं.

एकट्या एजंटचा धोका उघड आहे. तो आजारी पडला किंवा त्याने काम बंद केलं तर पाठीमागे कुणी नसतं. त्यासाठी करारात तीन गोष्टी घालून घ्या: प्रकाशकाकडून येणारे पैसे थेट विभागून, दर तीन महिन्यांनी यादीची प्रत, आणि तो सलग ६० दिवस उत्तर देऊ शकला नाही तर नोटिशीशिवाय करार समाप्त. त्याच करार कायद्याच्या कलम २०२ च्या भाषेत, म्हणजे ‘एजंटचं स्वतःचं हित गुंतलेली एजन्सी’ असं कुठे लिहिलं असेल तर ते शब्द काढायला सांगा, कारण त्यांच्या आधारे करार रद्दच करता येत नाही असा दावा होऊ शकतो. सही करण्यापूर्वी एकदा समोरासमोर भेटा. एजंट मुंबईचा असेल तर इंदुराहून अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघून सकाळी पोचता येतं. त्या भेटीत आपलं पुस्तक बाजूला ठेवून, दुसऱ्या एखाद्या लेखकाच्या यादीचा नमुना नावं झाकून दाखवायला सांगा.