मुसळधार पावसातली आमची नगरपरिषद : पाणीवाल्यांना पाचपैकी चार, घंटागाडीला दोन

बाजारपेठेच्या खालच्या अंगाला, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत माझी खानावळ आहे. दुपारचं जेवण, कचेरीचे डबे, आणि दरड कोसळून घाट बंद झाला की अडकलेल्या एसटीचे प्रवासी. माझ्या जेवणाबद्दल लोक रिव्ह्यू लिहितात, मीही ते मनावर घेते. मग ज्या सेवेसाठी दरवर्षी घरपट्टी आणि पाणीपट्टी भरते, तिच्याबद्दलही लिहायला हवं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

पाऊस अचानक आला, हे कारण कोकणात चालत नाही. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पडला की हवामान खात्याच्या मोजणीतली ती सगळ्यात वरची पायरी. ती पायरी आम्ही जुलैत बघत आलो आहोत, पुढेही बघणार. त्यामुळे गुण देताना पाऊस किती पडला हे मी धरलेलं नाही. पाऊस येणार हे माहीत असताना काय तयारी होती, एवढंच धरलं आहे.

आधी घंटागाडी. उन्हाळ्यात तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. साडेअकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी गाणं वाजतं, ओला-सुका वेगळा घेऊन गाडी पुढे जाते. जुलैत रेड अलर्ट लागला आणि गाडी बंद झाली. गुडघाभर पाण्यात गाडी घाला असं मी म्हणणार नाही, इंजिनात पाणी गेलं तर सगळ्या गावाचाच कचरा राहील. पण गाडी येणार नाही हे कोणी कळवलं नाही, पुन्हा कधी येईल तेही नाही. मासेमारी बंदीमुळे तेव्हा समुद्राची मासळी नसते, पण खाडीची कोलंबी आणि चिंबोरी असतात. त्यांची सालं, माशांची खवलं आणि पोटं, अंड्यांची टरफलं, उरलेला भात असं सगळं ड्रममध्ये साठत गेलं. त्या दमट हवेत असला कचरा रात्रीत फेसाळतो. सकाळी झाकण उचललं की कडेला पांढऱ्या अळ्यांची रांग. झाकणावर जांभा दगड ठेवला तरी कुत्री ड्रम पाडतात, आणि एकदा ड्रम आडवा झाला की ते सगळं पाण्याबरोबर शेजारच्या उंबऱ्याला लागतं. मागोमाग उंदीर. आणि उंदीर आले की लेप्टोच्या तापाची भीती, कारण उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यात पायाची साधी चीर बुडली तरी पुरते. आमच्या गल्लीत शाळेला जाणारी पोरं त्याच पाण्यातून जातात.

आणि हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून जास्त लागतं. आमच्या गल्लीत पाणी दिवसभर नसतं. गटाराचं तोंड खाडीत आहे. भरती चढली की खाडीचं पाणी त्या तोंडाशी येऊन थटतं, वरून येणाऱ्या पावसाला वाट राहत नाही, गल्ली भरते. ओहोटी लागली की काही तासांत फरश्या दिसायला लागतात. बंदरावरच्या कुठल्याही कोळणीला विचारा, ती तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगेल. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पुनवेला आणि अवसेला ती दुपारी बाराच्या आसपास येते, उधाणही त्याच दिवसांत. म्हणजे साडेअकराची गाडी पुनव-अवसेला बरोब्बर उधाणाच्या तोंडावर सापडते, आणि त्याच दिवशी सकाळी सहा-सातला गल्ली मोकळी असते. अष्टमीच्या आगेमागे साडेअकराचीच वेळ उत्तम. भरती-ओहोटीचे तक्ते वर्षभर आधी मिळतात, त्यामुळे पावसाळ्याच्या चारही महिन्यांचं गाडीचं वेळापत्रक मे महिन्यातच लावता येईल. ना नवी गाडी लागते, ना जादा माणूस. होडीवाले, शिंपल्या काढणाऱ्या बायका सगळ्यांचा दिवस भरतीवर चालतो. खाडीकाठच्या तीन-चार गल्ल्यांपुरती गाडीही तशी चालवावी.

पाण्याचं मात्र वेगळं. बाहेर पाऊस कोसळतोय आणि नळ कोरडा, हे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना पटत नाही. नदीचं पाणी जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या विहिरीतून, पंपाने वर चढतं, झाड पडून तारा तुटल्या की पंप बंद. वीज आली तरी नदी तांबडी झालेली असते. तुरटी जास्त टाकावी लागते, गाळणीचे थर पुन्हा पुन्हा धुवावे लागतात, म्हणून पाणी कमी सुटतं. हे सगळं मला आमच्या भागात पाणी सोडणाऱ्या दादांनी डोक्यावर इरलं घेऊन, व्हॉल्व्ह फिरवता फिरवता सांगितलं. मग ते मोरीत आले. नळाखाली बोटाएवढी काचेची नळी धरली, खिशातल्या बाटलीतले थेंब तिच्यात टाकले आणि दाराच्या उजेडाकडे धरून हलवली. पाणी पिवळं झालं. रंग पट्टीशी लावून बघितला आणि म्हणाले, "वहिनी, क्लोरीन आहे. तरी गढूळपणा जाईस्तोवर उकळूनच वापरा." नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. वरच्या आळीत शेवटच्या घरी रंगच आला नाही, तेव्हा त्यांनी ते पाणी पिऊ नका म्हणून बजावलं, पाण्यात टाकायच्या क्लोरीनची, मेडिक्लोरची, बाटली दिली, आणि संध्याकाळी पुन्हा येऊन तपासलं. पाणी कमी आलं, पण का आणि किती वेळ ते कळलं. मला त्यावर डब्यांचं गणित बसवता आलं, भाकरी ठेवली आणि भांडी जास्त लागणारे पदार्थ त्या दिवसांपुरते बंद केले. एक गुण कापला तो पंपाला जनरेटर नाही म्हणून.

गटाराच्या तोंडाशी माडाच्या झावळ्या अडकतात, त्या काढणाऱ्या माणसांना पूर्ण पाच. छातीइतक्या पाण्यात उतरून हाताने ओढत होते. गमबूट होते, पण आत पाणी भरलेलं, आणि हातमोजे नव्हतेच. लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या, ते चांगलं झालं. पण गोळी दिली म्हणून हातमोजे नकोत असं होत नाही. ठेकेदाराकडची माणसं असली तरी काम गावाचं करतात.

माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा भाऊ दुकानाच्या पोटमाळ्यावर होता. पाणी उतरलं, पण त्यानंतरचे दिवस मी जवळून पाहिले. बाजारात चिखल, त्यात भिजून कुजलेलं धान्य, औषधं, गाद्या. ठाण्या-मुंबईकडची सफाई पथकं आली, जेसीबी फिरले. पहिला डंपर कधी येणार हे ज्या गल्लीला कळलं, तिथल्या लोकांनी माल बाहेर काढून ठेवला होता आणि त्यांचं काम अर्ध्या दिवसात उरकलं. ज्यांना कळलं नाही त्यांच्या दारात तो ढीग तसाच आंबत राहिला. म्हणून गाडीच्या वेळेसाठी मी एवढी भांडते. प्रभागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात गल्लीतले सगळे आहेत. रोज सकाळी एक ओळ टाकली तरी चालेल: आज गाडी नाही, उद्या सातला. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी रिक्षावरचा भोंगा, तो निवडणुकीत फिरतोच.

भरतीप्रमाणे गाडीची वेळ बदला, असा अर्ज मी आरोग्य विभागात दिला आहे आणि पोचही घेतली आहे. सोबत श्रावण-भाद्रपदाच्या तिथी आणि त्या त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा लिहून जोडल्या आहेत. स्वच्छता निरीक्षकांनी बसवून नीट वाचला, ड्रायव्हरशी बोलून सांगतो म्हणाले. अर्जाची प्रत खानावळीत काउंटरपाशी ठेवली आहे. खाडीकाठच्या दुसऱ्या गावांतल्या कोणाला आपल्याकडे द्यायचा असेल तर फोटो काढून न्यावा, तिथी-वेळा मात्र आपल्या बंदरावर विचारून घालाव्यात.