दोन कांड्या आणि माझे ९७ हजार

मंडळी, लाज वाटत होती म्हणून दोन महिने गप्प बसलो, पण आता लिहितोच. मी इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या बॅकवॉटरला शेती. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं, फुल भरलं की २२ लाख लिटरच्या आसपास पाणी, आणि ते पाईपलाईननं धरणातूनच येतं. त्यात रोहू, कटला, सायप्रिनसची ३००० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडलेली. एवढ्या तळ्याला ती जास्तच होती, पण ते शहाणपण नंतर आलं.

श्रावणात चार दिवस ऊन नाही, पाऊस नाही, नुस्तं आभाळ, आणि पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले, रोज वीस-पंचवीस मरून काठाला. खाद्याच्या दुकानात हे बोलून बसलो आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीतून एक ‘ॲक्वा कन्सल्टंट’ दारात. इस्त्रीचा शर्ट, आमच्या आण्णांच्या पाया पडला, मला दादा दादा. मोबाईलवर जपानच्या मिनामाटाचे फोटो दाखवले, १९५६ साली उजेडात आलेलं, पाऱ्याचे मासे खाऊन लोकांचे हातपाय कसे वाकडे झाले ते. म्हणला, "दादा, पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं पाणी भीमेतनं तुमच्याकडंच येतं ना? मग तुमच्या माशात शिसं, कॅडमियम नसेल कसं?" आता मिनामाटा खरं, पुण्याचं पाणी खरं, त्याचा वास तर आम्ही रोज घेतोय. म्हणूनच मी फसलो, निव्वळ थापा असत्या तर चहा पाजून वाटेला लावला असता.

मग डेमो. दोन काचेचे ग्लास, एकात तळ्याचं पाणी, दुसऱ्यात दुकानातलं बाटलीचं. एक छोटं यंत्र, त्याला खाली धातूच्या कांड्या, काही पांढऱ्या काही काळपट, ते ग्लासात सोडून पिन बोर्डात घातली. दोन मिनिटात तळ्याचं पाणी आधी हिरवट, मग तांबडं, मग वर सगळा गचाळ फेस, आणि बाटलीचं पाणी जवळपास तसंच. आण्णा तर म्हणले आपण हे माशांना पाजतोय व्हय. झालं, हेवी मेटल काढायची पावडर आणि सोबत एक लिक्विड, पहिला डोस १८,५०० रुपये, परदेशी माल म्हणे. बिल कच्चं, पैसे यूपीआयवर, नाव कुठल्यातरी बाईचं. आणि ते यंत्र मला फुकट दिलं! दर आठवड्याला स्वतःच चेक करा दादा, माझ्यावर पण विश्वास ठेवू नका.

पावडर टाकली, आठ दिवसांनी चेक केलं तर पाणी तांबडंच, उलट जास्तच. फोन केला तर म्हणला बरोबर आहे, तळाचे मेटल सुटून वर यायलेत, दुसरा डोस लागणार. परत १८,५००. परत तांबडं. मग म्हणला पावडरनं भागणार नाही, फिल्टर मशीनच बसवा, मत्स्यसंपदा योजनेतून वहिनींच्या नावावर ६० टक्के सबसिडी मिळते, ६० हजार ॲडव्हान्स द्या, बाकी मी बघतो. महिलांना ६० टक्के हे पण खरंच आहे, फक्त आधी मत्स्य खात्याकडनं प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा असतो हे मी विचारलंच नाही. मशीन आलं नाही, फोन बंद.

माझी पुतणी बारावी सायन्सला. ती यंत्र हातात घेऊन म्हणली, काका, या काळ्या कांड्या पहिल्यापासनं एवढ्या बारीक होत्या का? बघतो तर लोखंडी कांड्या टोकाला पेन्शिलीसारख्या झिजलेल्या. तिनं आरओचं पाणी घेतलं, यंत्र चालवलं, काही नाही. मग त्यात चिमूटभर मीठ टाकून परत चालवलं तर तोच तांबडा गाळ! म्हणजे पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, करंट वाहिला की कांडीचंच लोखंड विरघळून त्याचा गंज दिसतो, शिशाचा काही संबंध नाही. आणि पावडरनं क्षार थोडे वाढले असतील तर रंग पण त्यानंच वाढला असेल. मी दर रविवारी माझ्याच हातानं स्वतःला फसवत होतो राव. (पोरांना हे करू देऊ नका, उघड्या कांड्यांत घरचा करंट असतो.)

मग पुण्याच्या लॅबला सँपल दिलं, त्यांनीच दिलेल्या बाटलीत, नायट्रिक ॲसिडचे थेंब घातलेल्या, नाहीतर धातू बाटलीच्या कडेला चिकटतो म्हणे. शिसं, कॅडमियम, पारा तिन्ही बीडीएल, म्हणजे मशीनला सापडण्याइतकं पण नाही. पूर्ण उजनीचा दाखला मी देत नाही, माझ्या तळ्याचं सांगतोय. मासे मरत होते ते पाण्यात ऑक्सिजन कमी पडल्यानं. कृषी विज्ञान केंद्राचे साहेब पहाटे पाचला मीटर घेऊन आले तर ऑक्सिजन लिटरला १.८ मिलिग्रॅम आला, म्हणजे फारच कमी. रात्री शेवाळ पण ऑक्सिजन खातं, आभाळ असलं की दिवसा तयार पण कमी होतो, त्यात माझी दाटी. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, बसवला, निम्मे मासे काढून विकले, मरतूक थांबली.

लिक्विडबद्दल साहेब म्हणले ते ईडीटीए असेल, हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वापरतात, पण ते धातूला नुस्तं धरून ठेवतं, धरलेला धातू राहतो पाण्यातच. खरंच मेटल निघाले तर पाण्याचा सोर्स बदलायचा, गाळ काढायचा, आणि माशाचं मांस पण तपासायचं. २२ लाख लिटरला दोन पोती पावडर म्हणजे हत्तीला जिऱ्याची फोडणी.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईन १९३० वर तक्रार दिलीय, ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर पण, पैसे अजून आले नाहीत. काल करमाळ्याच्या पाव्हण्यांचा फोन, पांढरी गाडी, मिनामाटाचे फोटो, डेमो उद्या नऊला. मी आठलाच जाऊन बसणार आहे, आरओच्या पाण्याची बाटली आणि मिठाची पुडी घेऊन.