इमॅजिकाला पहिल्यांदा जाताय? आधी घरी भिंतीला उभं करून पोरांची उंची मोजा

आमच्या घरात थीम पार्क बघितलेली मी एकटीच, तेही शाळेच्या सहलीत गोराईला बोटीतून जाऊन एस्सेलवर्ल्ड केलं होतं तेवढंच, आणि ते तर 2022 ला बंद पण झालं. त्यामुळे पोरांनी खोपोलीजवळच्या थीम पार्कसाठी इमॅजिका इमॅजिका लावल्यावर नवऱ्याने "तुला अनुभव आहे" म्हणून सगळं प्लॅनिंग माझ्या गळ्यात घातलं. टीम म्हणजे आम्ही दोघं, मोठा 11 वर्षांचा, चिऊ 5 वर्षांची आणि सासूबाई 68 च्या, पण गुडघे ऐंशीचे.

पहिली गोष्ट तारीख. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार होता, पण तेव्हा अर्धा महाराष्ट्र आणि उरलेला गुजरात तिथेच असतो म्हणून शाळा सुरू झाल्यावर एका गुरुवारी पोरांना सरळ दांडी मारायला लावली. शाळेत काय कारण सांगितलं ते इथे लिहीत नाही. शनिवार-रविवारी तिकीट महाग आणि रांग लांब, आठवड्यातल्या दिवशी दोन्ही कमी, एवढं साधं गणित आहे. मे महिन्यात तर नकोच, खोपोलीचं ऊन आणि डोंगराखालची दमट हवा, रांगेतच शिजून निघाल. पावसाळ्यात उघड्यावरच्या राइड विजा कडाडल्या की थांबवतात आणि तिकडचा पाऊस माहितीये ना कसा असतो.

आता मुख्य मुद्दा, जो मला आधी कोणीच सांगितला नव्हता. इथे लहान मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं. आणि कुठल्या राइडमध्ये कोण बसणार हे पण उंचीच ठरवते. वेबसाइटवर प्रत्येक राइडसमोर लिहिलेलं असतं, ते बघून मी आदल्या रात्री दोघांना चपला काढून दाराच्या चौकटीला उभं केलं आणि पेन्सिलने खूण केली. चिऊने डोक्यावर मधोमध अंबाडा घालायचा हट्ट धरला, का ते मला दुसऱ्या दिवशी पट्टीसमोर ती चवड्यांवर उभी राहिली तेव्हा कळलं. पण घरीच मोजल्यामुळे तिला आधीच सांगून ठेवता आलं की हे तुझं, हे दादाचं, त्यामुळे राइडच्या दारात रडारड झाली नाही. जवळच एक बाळ असं काही भोकाड पसरून बसलं होतं की त्याच्या बाबांचीच दया आली.

राइडबद्दल. नायट्रो म्हणजे पायाखाली फळीच नसलेला रोलर कोस्टर, स्वित्झर्लंडच्या कंपनीने बनवलेला, 40 मीटरच्या आसपास उंच, आणि पाच वेळा उलटं करतो. मोठा बोटभर फरकाने पास झाला. नवरा सोबत गेला, उतरल्यावर दहा मिनिटं बाकावर बसून "मस्त होतं" एवढंच म्हणत होता. सकाळी गेट उघडलं की आधी तिकडेच पळा, दुपारी रांग वाढते. डीप स्पेस पण कोस्टरच, पण पूर्ण अंधारात, पुढचं वळण दिसत नाही म्हणून मला तो जास्त भीतीदायक वाटला. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचरला नावेत बसून डायनासोर बघायचे आणि शेवटी धप्पकन पाण्यात, कपडे ओले होतात तर एक जोडी जास्त ठेवा. आमच्या ज्ञानेश्वराने, म्हणजे मोठ्याने, रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की राजासॉरस खरंच होता, गुजरातमध्ये सापडला आणि 2003 ला त्याला नाव दिलं. पुढच्या काकांनी त्याला चॉकलेट दिलं.

चिऊसाठी टबी टेक्स ऑफ, हम्प्टीज फॉल आणि मॅजिक कॅरोसेल, एकेकात तीन तीनदा. सलीमगढमध्ये तिला नेलं ही चूक माझी, भुताचा वाडा आहे हे नावावरून कळलंच नाही, बाहेर येईपर्यंत माझा दंड निळा. अलिबाबामध्ये मात्र बसल्या बसल्या बंदूक चालवायची असते, तिथे सासूबाईंचा स्कोअर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आला आणि ते त्या अजून फोनवर सांगतायत.

आजी-आजोबांना नेताना नुसतं "तुम्ही बाकावर बसा" करू नका हो. बसून बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. आय फॉर इंडियामध्ये खुर्चीतून आपण देशावरून उडतोय असं वाटतं, आई, म्हणजे सासूबाई, दोनदा बसल्या. पण चालणं खूप आहे, पार्क 130 एकरांवर आहे म्हणतात, म्हणून दर दीड तासाने एक बसायचं काहीतरी असा मी कागदावर क्रमच लिहिला होता. नवरा हसला होता, संध्याकाळी परेड बघताना तोच विचारत होता आता बसायचं कधी.

बाहेरचं खाणं आत चालत नाही. मला हे वाचायचं राहिलं आणि पहाटे उठून केलेल्या तीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं सगळं गाडीत. जेवणाचं बजेट तिकिटासोबतच धरा, पाच माणसांचं दोन वेळचं, शिवाय पोरांचं आईस्क्रीम. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं, एका दिवसात दोन्ही करायचा मोह आवरा, पहिल्या वेळी तर नक्कीच.

खरा मनस्ताप झाला तो गाडीचा. डोंबिवलीहून दिवसभराची गाडी ठरवली होती, सगळं धरून एक रक्कम असं तोंडी बोलणं झालं, आणि रात्री पार्किंगमध्ये ड्रायव्हर साहेब म्हणाले वेटिंगचे वेगळे, टोलचे वेगळे. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं असतं तर वाद झाला नसता. गाडी नको असेल तर खोपोलीपर्यंत लोकल आहे, तिथून रिक्षा, पण म्हातारं माणूस आणि झोपलेलं पोर घेऊन परत येताना ते जमेल का हे आपापलं बघा. पार्कला लागून हॉटेल पण आहे, आमच्या बजेटच्या वर होतं.

एक गोष्ट मात्र जमली. जाताना सकाळी महडला वरदविनायकाचं दर्शन करून घेतलं, खोपोलीच्या अलीकडेच आहे. तिथला नंदादीप 1892 पासून तेवतोय म्हणतात, आई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. अष्टविनायकातला एक झाला म्हटल्यावर मग दिवसभर कशालाच नाही म्हणाल्या नाहीत. पाली पण त्याच रस्त्याने पुढे आहे, पण दोन्ही आणि पार्क एका दिवसात होत नाही, आम्ही हिशोब करून बघितला होता.

परत येताना एक्स्प्रेसवेला लागायच्या आधीच पोरं भूक भूक करायला लागली. दशम्या डबा उघडून तशाच हातात दिल्या, कळंबोली येईपर्यंत लोणच्यासकट संपल्या. ड्रायव्हरनेही चार खाल्ल्या, वेटिंगचे पैसे मात्र सोडले नाहीत.