पायटेस्टचे निकाल: शेवटी फाइल की लागेल तसा कॉलबॅक?

पायटेस्ट म्हणजे पायथॉनमध्ये टेस्ट चालवायचं साधन. त्याचे निकाल दुसऱ्या सिस्टीमला द्यायचे तर दोन रस्ते आहेत. जेयुनिट एक्सएमएल (टेस्टच्या निकालांचा सर्रास वापरला जाणारा साचा) फाइल काढायची आणि रन संपल्यावर ती वाचायची. नाहीतर कॉनफटेस्ट या पायटेस्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हुक, म्हणजे ठरावीक क्षणी पायटेस्ट स्वतःच बोलावतो असं फंक्शन, लिहून निकाल लागेल तसा कॉलबॅकने उचलायचा.

फाइलचं सुख म्हणजे काही लिहावंच लागत नाही. कमांडला एक फ्लॅग दिला की फाइल तयार; टेस्ट आपोआप चालवणारे जेनकिन्स, गिटलॅब दोघंही ती वाचतात.

माझं घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. ही फाइल लिहिली जाते सेशन संपताना. कंट्रोल-सी मारलं तरी ती मिळते, कारण पायटेस्टला आवरायला वेळ मिळतो. पण आमच्या टेस्टखाली सीमध्ये लिहिलेली एक लायब्ररी आहे, तिला अधूनमधून सेगफॉल्ट येतो, म्हणजे मेमरीच्या चुकीने अख्खी प्रोसेस जागीच कोसळते. कधी रात्रीच्या रनमध्ये मेमरी संपते आणि कर्नल प्रोसेसच मारून टाकतो. मग फाइल नाहीच. आधी पास झालेल्या टेस्टचीही नोंद गेली, सकाळी डॅशबोर्डवर नुसतं ‘रिपोर्ट सापडला नाही’. सेगफॉल्टला पायथॉनचा फॉल्टहँडलर, कोड कुठे कोसळला ते सांगणारा स्टॅक कन्सोलवर छापतो म्हणा, पण कर्नलने मारलं तर तेवढंही नाही. (एक्सडिस्ट हे टेस्ट वेगवेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये वाटणारं प्लगइन; त्यात वर्कर मेला तरी मुख्य प्रोसेस वाचते आणि फाइल येते. आमच्या टेस्ट एकाच डेटाबेसवर चालतात, त्यामुळे एका वेळी अनेक वर्कर लावता येत नाहीत.)

कॉलबॅकमध्ये तोवरचे निकाल पोचलेले असतात. टेस्ट सुरू होताना येणाऱ्या लॉगस्टार्ट हुकमधून तिचं नाव आधीच पाठवून ठेवलं, की ज्या नावापुढे निकाल नाही तीच टेस्ट बघायची. बहुतेक वेळा कोसळण्याचं कारण तिथेच सापडतं.

फुकट मात्र काही नाही. निकाल देणारा लॉगरिपोर्ट हुक एका टेस्टसाठी साधारण तीनदा येतो: सेटअप (तयारी), कॉल (खुद्द टेस्ट), टिअरडाउन (आवराआवर). फक्त ‘कॉल’ पाहिलात तर फिक्श्चरमध्येच (टेस्टआधीच्या तयारीच्या कोडमध्ये) फुटलेल्या आणि मार्करने, म्हणजे टेस्टवर लावलेल्या खुणेने, स्किप केलेल्या टेस्ट निसटतात. एक्सडिस्ट असेल तर तोच निकाल वर्करमध्येही येतो आणि मुख्य प्रोसेसमध्येही. पायटेस्टच्या कॉन्फिग ऑब्जेक्टवर ‘वर्करइनपुट’ दिसलं, म्हणजे आपण वर्करमध्ये आहोत, तर तो निकाल गाळून टाका. हुकमधला नेटवर्क कॉल ट्राय-एक्सेप्टमध्येच हवा, टाइमआउटही छोटा. तिथला एक्सेप्शन बाहेर पडला तर ‘इंटर्नल एरर’ म्हणून अख्खा रन थांबतो.

टेस्ट निव्वळ पायथॉनच्या आणि पाच-दहा मिनिटांत उरकणाऱ्या असतील, तर फाइल पुरे. उगाच हुकच्या भानगडीत पडू नका. रन लांबलचक असेल, खाली सी-सी++ असेल, तर माझं मत कॉलबॅकला. जेयुनिट फाइलचा फ्लॅग मी तरीही काढलेला नाही, जेनकिन्सला तो लागतोच.