स्कॉटलंड्सपीपल: पैसे वसूल, पण जपून क्लिक करा

आमच्या हिच्या पणजीचे वडील स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून सोलापूरला आलेले, इथल्या जुन्या गिरणीत कामाला होते. रेल्वे लाइन्समधल्या घरात एवढीच माहिती शिल्लक. म्हणून स्कॉटलंडच्या सरकारी दप्तराची ही वेबसाइट धरली.

तिथे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८५५ साली सुरू झाली. त्याआधीचं बहुतेक सगळं तिथल्या मुख्य चर्चच्या पॅरिश रजिस्टरात, पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा गाव-परिसर. सर्वांत जुनं १५५३ चं, एरोल गावचं. नावाची सूची फुकट चाळता येते, मूळ पानाला मात्र क्रेडिट्स, म्हणजे साइटवर पैसे देऊन घ्यायचे पॉइंट्स, मोजावे लागतात. त्यामुळे आधी सूचीतच साल, पॅरिश, आईबापांची नावं ताडून घ्या. दिसेल ते पान उघडत सुटलात तर खिसा रिकामा!

पान उघडलं आणि हिचे डोळेच मोठे झाले. तिरक्या, गिचमिड अक्षरात बाप्तिस्म्याची तारीख, बाप विणकर, आईचं माहेरचं आडनाव आणि खाली साक्षीदार. विणकर! म्हणजे सोलापूरशी नातं आधीचंच म्हणायचं. आईचं माहेरचं आडनाव मिळालं की मागची पिढी शोधणं खूपच सोपं जातं. आपल्याकडच्या जुन्या कागदांत बायकांचं माहेर शोधून दाखवा बरं.

दफनाच्या नोंदी मात्र फार तुटक. शिवाय १७८३ ते १७९४ दर नोंदीवर तीन पेन्स कर होता, तो टाळायला बऱ्याच लोकांनी नोंदच केली नाही. वेगळ्या पंथाच्या चर्चमधली पोरंही यात सहसा सापडत नाहीत. आडनावाचं स्पेलिंग तर कारकुनाच्या मर्जीवर, सुरुवातीला ‘मॅक’ असेल तर विचारूच नका.