बॅड रिलिजनचा नाताळ अल्बम: पावसाळा लागला तरी वाजतोय

गेल्या नाताळाच्या आधी लॉस एंजेलिसच्या 'बॅड रिलिजन' या पंक (वेगवान, दणदणीत रॉक) बँडचा 'ख्रिसमस साँग्ज' घेतला. सण सरला, उन्हाळा गेला, तरी तो मागे पडलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अल्बम २०१३चा. गाणी ९, पण सगळी मिळून जेमतेम १९ मिनिटं. हा बँड धर्मसंस्थेवर उघड टीका करणारा, त्यांचं बोधचिन्हच क्रॉसवर मारलेली लाल काट. अशांनी कॅरल्स (नाताळची पारंपरिक गाणी) गायली म्हणजे टवाळीच असणार, असं कुणालाही वाटेल. तशी ती कुठेच नाही. चाली त्याच, फक्त लय पळती. गायक ग्रेग ग्रॅफिन लहानपणी शाळेच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) गायचा, आणि ते जाणवतं. एवढ्या वेगातही तो शब्द खात नाही.

मी चर्चच्या क्वायरमध्ये टेनर (पुरुषांचा उंच पट्टीचा आवाज) गातो, त्यामुळे माझे कान आधी मागच्या आवाजांकडे जातात. 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' सुरू होतं ते नुसत्या गळ्यांवर, वाद्यांशिवाय. मग गिटार आणि ड्रम्स एकदम कोसळतात, तरी हार्मनी (एकत्र लागलेल्या वेगवेगळ्या सुरांचा मेळ) जागची हलत नाही. 'एंजल्स वी हॅव हर्ड ऑन हाय'मधल्या 'ग्लोरिया'चा तो लांबलचक 'ओ' आठवा. संथ लयीत आमचा तिथे हमखास दम तुटतो आणि सूर उतरतो. इथे तीच जागा द्रुत लयीतल्या तानेसारखी सरसर निघून जाते. ही जागा मी कितीदा मागे नेऊन ऐकली असेल!

पण माझं सगळ्यात आवडतं 'ओ कम, ओ कम इमॅन्युएल'. ती चाल मुळातच मायनरमधली (पाश्चात्त्य संगीतातल्या उदास छटेच्या स्वरांतली), आर्जवाची. खरखरीत गिटारीमुळे त्या आर्जवाला धार येते. 'व्हाइट ख्रिसमस' मात्र फिकं वाटलं. अर्व्हिंग बर्लिनचं ते गाणं पारंपरिक कॅरल नव्हेच, आणि त्याचा सगळा जीव संथपणात आहे.

फोनच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका. मागचे आवाज गिटारीत बुडून जातात आणि नुसता गलका उरतो. बरा हेडफोन हवाच.

विक्रीच्या उत्पन्नातला २० टक्के वाटा पाद्र्यांच्या अत्याचारांना बळी पडलेल्यांसाठी काम करणाऱ्या 'स्नॅप' या अमेरिकी संस्थेसाठी ठेवला होता. श्रद्धावान माणूस म्हणून मला हे खुपलं नाही, उलट बरं वाटलं. नाताळची गाणी गाऊन मिळालेला पैसा तिथेच जायला हवा होता.

शेवटचं 'अमेरिकन जीझस' कॅरल नाही. १९९३च्या त्यांच्याच गाण्याचं ते वेगळं मिक्स आहे. गाणं दमदार आहे, पण नाताळच्या आठ गाण्यांनंतर त्याचा रोख बोलण्या-भांडण्याचा होतो आणि गाण्याचा माहोल मोडतो. मी आठव्यावरूनच परत पहिल्यावर जातो.