मुंबई ते मालवण, जुन्या मोटरबोटीनं: डिझेल इनबोर्ड घ्यावी की पेट्रोल आउटबोर्ड?

पंचवीस-तीस फुटी जुनी फायबरची मोटरबोट मुंबईत घ्यायची आणि पाऊस सरला की तिनं मालवण गाठायचं, असा बेत असेल तर निवड शेवटी दोन बोटींवर येऊन थांबते. एकीच्या पोटात डिझेल इंजिन असतं (इनबोर्ड), आणि ती सहा-सात नॉटनं, म्हणजे तासाला सहा-सात सागरी मैलांनी, आपल्या चालीनं जाते. दुसरीच्या मागच्या फळीवर पेट्रोलची दोन आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेली इंजिनं, असतात, ती वीस नॉटनं पळते. दोन्ही पंधरा-वीस वर्षांच्या, दोन्हींचा भाव आवाक्यातला. पहिल्या लांब प्रवासाआधी प्रत्येकीत काय काय उघडून बघावं लागेल, हे शेजारी-शेजारी ठेवून बघितलं की निर्णय बराच सोपा होतो.

तिसरा प्रकारही विकायला असतो: आत पेट्रोल इंजिन आणि मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे पंखा बसवलेला, पाण्यात उतरलेला पाय. स्वस्त मिळते, पण या प्रवासासाठी घेऊ नका. सतत पाण्यात बुडालेले रबरी बेलोज (पाणी आत येऊ न देणारे घडीचे जोड), खाऱ्या पाण्यात झिजणारा ॲल्युमिनियमचा पाय आणि बंद कप्प्यात साठणारी पेट्रोलची वाफ, ही तिन्ही दुखणी एकाच जुन्या बोटीत पदरात घेण्याचं काही कारण नाही.

वाट काय मागते

किनाऱ्यालगत मुंबई ते मालवण सुमारे १८० सागरी मैल पडतात, म्हणजे ३३० किलोमीटरच्या आसपास. टप्पे साधारण असे: राजपुरीच्या खाडीत दिघी ४० मैल, तिथून दाभोळ ४३, जयगड १७, रत्नागिरी २०, विजयदुर्ग २५, देवगड १२ आणि मालवण २०. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो आणि समुद्र सपाट असतो. दुपार झाली की वायव्येकडून खारा वारा उठतो आणि लाटा आखूड, उभ्या होतात. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीवर असतो, परतताना तोंडावर.

इथे आउटबोर्डवाली बोट उघड सरस ठरते. दिघीचा टप्पा ती दोन तासांत संपवते आणि वारा उठायच्या आत खाडीत असते. डिझेल बोटीला त्याच टप्प्याला सहा तास लागतात. साडेसहाला नांगर उचलला तरी पोचायला साडेबारा होतात, आणि दाभोळचा टप्पा त्याहून लांब. पहाटे काळोखात निघून वेळ वाचवावा म्हणाल तर रायगडच्या किनाऱ्यापर्यंत डोल जाळ्यांचे खुंट आणि पुढे तरंगती जाळी बिनदिव्याची उभी असतात. म्हणून संथ बोटीनं उजाडताच निघावं आणि परतीसाठी दोन-तीन दिवस हाताशी जास्त ठेवावेत. ज्यांना सोमवारी कामावर हजर व्हायचंच आहे, त्यांच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे.

इंधन

माझा कल मुख्यतः या बाबीनं ठरतो. संथ डिझेल बोट मैलाला लिटरभर, म्हणजे मालवणपर्यंत १८०-२०० लिटर घेते. दोन आउटबोर्डची बोट धावत्या वेगाला मैलाला अडीच-तीन लिटर, म्हणजे साडेचारशे ते साडेपाचशे लिटर. टाकीतला एक तृतीयांश भाग राखीव धरायचा हा जुना नियम लावलात तर पहिलीची टाकी एका दमात पुरते, दुसरीला वाटेत निदान दोनदा भरावं लागतं. आणि भरायचं कुठे? मासेमारी बंदरांत सगळी व्यवस्था डिझेलची असते. सवलतीचं डिझेल परवानाधारक मच्छीमारांसाठीच असलं, तरी पूर्ण दरानं डिझेल मिळवणं त्या मानानं सोपं जातं. पेट्रोल मात्र गावातल्या पंपावरून कॅन भरून रिक्षा-टेम्पोनं जेटीपर्यंत आणायचं आणि हलत्या बोटीत ओतायचं. हे काम धोक्याचं आहे आणि ते दर दोन दिवसांनी करावं लागतं.

त्यात नवी अडचण इथेनॉलची. २०२५ पासून देशात सर्रास मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी पुरेसं साठलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. जुन्या रबरी नळ्या आतून सुटतात, जुन्या फायबरच्या टाकीचं रेझिन मऊ पडतं. म्हणून आउटबोर्डवाली घेतलीत तर नळ्या, प्रायमर बल्ब (हातानं दाबून पेट्रोल इंजिनापर्यंत चढवायचा रबरी फुगा) आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर यांतलं जुनं काहीही ठेवू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, आणि पावसाळाभर त्यात राहिलेलं पेट्रोल बोटीत वापरू नका.

डिझेल निर्दोष असतं असं नाही. जुन्या टाकीच्या तळाशी पाणी असतं, त्या पाण्यात जंतू वाढतात आणि काळा चिकट गाळ साचतो. बोट बंदरात उभी असेपर्यंत तो शांत पडून राहतो. पहिल्या लाटांत तो ढवळतो आणि फिल्टर बंद करतो, आणि हे नेमकं खाडीच्या मुखाशी घडतं, जिथे इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते. यावरचा इलाज मेहनतीचा आहे, पण नक्की आहे: टाकीचं झाकण काढून हातानं साफ करायची, झाकणच नसेल तर ते कापून बसवून घ्यायचं. पारदर्शक वाटीचा प्राथमिक फिल्टर लावायचा, अर्धा डझन कार्ट्रिज बरोबर ठेवायची, आणि बंदरातच, शांत पाण्यात, इंधनाच्या नळीतली हवा काढून इंजिन पुन्हा सुरू करायचा सराव दोघांनी तरी करायचा.

आगीच्या बाबतीत दोन्हींची बरोबरी होत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते आणि एका ठिणगीनं भडकते. आउटबोर्ड उघड्यावर असल्यानं धोका कमी होतो, पण टाकी डेकखाली असेल तर इंजिन सुरू करण्याआधी तिथला ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवायलाच हवा.

पाणी आत कुठून येऊ शकतं

बोट बाहेर काढून तळ बघितल्याशिवाय सौदा करू नये, हे दोन्हींना लागू. पण बघायच्या जागा वेगळ्या.

आउटबोर्डवालीत मागची फळी बघा. जुन्या फायबर बोटींच्या या फळीत आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपून ते कुजतं आणि बाहेरून रंग चकचकीतच राहतो. लहान हातोडीनं ठोकत जा. टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला तर आत ओल आहे. इंजिन वर तिरकं करून पाय धरून वर-खाली हलवा. फळी वाकताना दिसली तर तिथून परत या. दोन-दोनशे किलोची दोन इंजिनं त्या फळीच्या भरवशावर असतात, आणि ती नव्यानं बांधणं म्हणजे बोटीचा मागचा भागच उघडणं.

इनबोर्डमध्ये तळाला भोकं जास्त: पंखा फिरवणारा शाफ्ट, सुकाणू, थंड पाण्याचा सी-कॉक (तळाच्या भोकावरची बंद करता येणारी तोटी), शौचालयाचे दोन. दोन इंची नळी पाण्याखाली अर्ध्या मीटरवर सुटली तर मिनिटाला दोनशे लिटरहून जास्त पाणी आत येतं. लहान बोटींवरचा सर्वसाधारण बिल्ज पंप (बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये, साठलेलं पाणी उपसणारा) त्याच्या निम्मंही बाहेर टाकत नाही. म्हणून प्रत्येक सी-कॉक हातानं फिरायला हवा. पितळेच्या सी-कॉकवर गुलाबी छटा दिसली तर त्यातलं जस्त निघून गेलंय, तो टिचकीनं तुटू शकतो, काशाचा बसवा. नळीला दोन क्लिप, आणि प्रत्येक सी-कॉकला दोरीनं बांधलेली लाकडी खुंटी. शाफ्टच्या ग्लँडमधून (शाफ्ट बाहेर पडतो तिथल्या पॅकिंग भरलेल्या जोडातून) चालताना काही थेंब पडले तर चांगलंच, पॅकिंग थंड राहतं. उभ्या बोटीत धार लागली तर पॅकिंग बदला. इंजिन आणि शाफ्टची सरळ रेषा मात्र बोट पाण्यात उतरवून, एक दिवस तरंगू देऊन मगच तपासा, कारण पाण्यात तळाचा आकार किंचित बदलतो.

खर्च बघाल तर सी-कॉक, नळ्या आणि ग्लँड मिळूनही कुजलेल्या फळीपेक्षा कमी पडतात. इनबोर्डचे दोष संख्येनं जास्त आहेत, पण ते दिसतात आणि एकेक करून दुरुस्त होतात.

थंड पाणी, पंखा, मिस्त्री

मुंबईच्या बंदरात गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या दोन्ही इंजिनांचे शत्रू. डिझेलमध्ये समुद्राच्या पाण्याचा इम्पेलर (थंड करणारं पाणी ओढणारं पात्यांचं रबरी चाक) नवा बसवा. जुन्याची पाती तुटलेली दिसली तर ते तुकडे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या) तोंडाशी शोधून काढाच. एक्झॉस्टचा एल्बो (धूर बाहेर नेणारा वाकडा जोड) काढून आतून बघा. तो गंजून फुटला तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन संपतं. आउटबोर्डमध्ये इम्पेलर खालच्या पायात असतो, आणि मागे उडणारी पाण्याची धार बारीक झाली की लगेच कळतं. गोड्या पाण्यानं धुणं त्याला सोपं जातं.

बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं गुंतणं या किनाऱ्यावर नेहमीचं आहे. आउटबोर्ड वर उचलून सुरीनं दोर कापता येतो. इनबोर्डला कुणाला तरी पाण्यात उतरावं लागतं, आणि लाट असेल तर ते जिवावरचं काम आहे. शाफ्टवर दोर कापणारं चाकू-कडं बसवा. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, तिथेही इंजिन उचलता येणाऱ्या बोटीला सवलत मिळते; डिझेलवालीनं भरती चढत असतानाच आत शिरावं.

मिस्त्रीचं गणित उलटं. कोकणातल्या बहुतेक बंदरांत डिझेलचा मिस्त्री आहे, कारण ट्रॉलर त्यावरच चालतात. इंजेक्टर, फीड पंप, डायनॅमो तो उघडतो. इम्पेलर आणि गॅस्केट मात्र कंपनीगणिक वेगळी, ती घेऊनच निघा. आउटबोर्डची माणसं तारकर्ली-मालवणकडे पर्यटनाच्या बोटींमुळे भेटतात, पण फ्युएल-इंजेक्शनच्या इंजिनाला लॅपटॉप लावून दोष शोधावा लागतो, आणि दाभोळच्या जेटीवर तो मिळेल असं धरून चालू नये.

बाकी तयारी दोन्हींची सारखीच. स्टार्टिंगची बॅटरी वेगळी. बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) थेट बॅटरीला, शिवाय एक हातपंप. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. नांगराचा दोर भरतीची खोली धरून त्याच्या पाचपट सोडा, वाऱ्यात सातपट. व्हीएचएफ रेडिओवर संकटाचं चॅनेल १६, तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किनारी सुरक्षेचा १०९३. २६/११ नंतर अनोळखी बोटीची चौकशी होते आणि व्हायलाच हवी. नोंदणी, विमा आणि ओळखपत्रं पाणी न लागणाऱ्या पिशवीत ठेवा, निघण्याआधी बंदर कार्यालयात कळवा.

मग कोणती

सलग सात-आठ दिवस काढून बंदरामागून बंदर करत मालवणला जाणाऱ्या कुटुंबाला मी डिझेल इनबोर्ड सांगेन. मांडवा, रेवदंडा, मुरूड असे दिवसभराचे फेरे जास्त आणि मालवण वर्षातून एखाद्या वेळी, अशांनी मागची फळी ठणठणीत असलेली आउटबोर्डवाली घ्यावी. पण इंधनाचे थांबे आधी ठरवून, शक्यतो रत्नागिरीत ओळखीचा माणूस ठेवून.

कोणतीही घ्या, पैसे देण्याआधी चाचणी एकाच पद्धतीची. दुपारी, वारा उठल्यावर, प्रॉन्ग्स दीपगृहाबाहेर मोकळ्या पाण्यात न्या. दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटल ठेवा आणि इंजिन कंपनीनं सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतं का, तापमान स्थिर राहतं का ते बघा. परत आल्यावर बिल्जचं झाकण उघडा आणि फिल्टरची वाटी उजेडात धरा. मालक दुपारी बाहेर न्यायला तयार नसेल, तर दुसरी बोट बघा.